पेठ आणि फाटा : धायरीच्या बाजाराच्या निमित्ताने

माणसांच्या वर्दळीच्या ठिकाणांना मराठीत निरनिराळी नावे आहेत. पेठ, बाजार, हाट, मंडई, तिठा, फाटा. यांतील पहिला आणि शेवटचा शब्द शेजारी ठेवून पाहिले की एक मौजेचा भेद लक्षात येतो. फाटा म्हणजे मूळ वाटेला फुटलेली फांदी. तो आपोआप फुटतो. 'फाटा वसवला' असे कोणी म्हणत नाही. पेठ मात्र वसवावीच लागते. तिच्यामागे कोणाची तरी इच्छा, कोणाचा तरी हुकूम आणि कोणाची तरी जबाबदारी असते. फाट्यावर माणूस उतरतो तो पुढे जाण्यासाठी. पेठेत तो थांबण्यासाठीच येतो.

पुण्याची उपनगरे पाहिली तर ती बहुतेक फाट्यांभोवती वाढली आहेत. सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे जाताना लागणारा धायरी फाटा हे त्याचे चांगले उदाहरण. फाट्यापासून धायरी गावठाणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज शेकडो गाळे आहेत. किराणा, औषधे, पिठाची गिरणी, झेरॉक्स, भांडी, चप्पल, मोबाइल दुरुस्ती, मिठाई, शिवणकाम, आणि त्यांच्यापुढे भाजी-फळांच्या हातगाड्या. हजारो कुटुंबांची रोजची गरज हा रस्ता भागवतो. तरीही या बाजाराला नाव नाही, हद्द नाही आणि त्याच्या वतीने बोलणारे कोणी नाही. नकाशावर तो रस्ता आहे आणि त्याच्या कडेला 'व्यापारी वापर' आहे, इतकेच. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की उपनगरांतील असे बाजार टिकवायचे आणि पुन्हा उभारी धरू द्यायची असेल, तर त्यांना फाट्याच्या अवस्थेतून पेठेच्या अवस्थेत आणावे लागेल. पेठ वसवण्याची विद्या आपल्याला नवीन नाही. ती आपण विसरलो आहोत.

पुण्याच्या जुन्या पेठांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. मलकापूर, मुर्तझाबाद, विसापूर या वस्त्या पुढे रविवार, शनिवार आणि शुक्रवार या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. विसापूरच्या जागी शुक्रवार पेठ वसवली ती जिवाजीपंत खासगीवाल्यांनी, पहिल्या बाजीरावाच्या कारकिर्दीत. नव्या पेठेत येऊन दुकान थाटणाऱ्यांना सुरुवातीची काही वर्षे घरपट्टी आणि इतर पट्ट्या माफ असत. पेठ वसवणाऱ्याला सरकारातून कौल मिळे आणि बाजाराची व्यवस्था पाहण्यासाठी शेटे व महाजन हे वतनदार असत. म्हणजे बाजार ही वस्ती वाढल्यावर आपोआप उगवणारी गोष्ट आहे, असे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी मानले नाही. आधी बाजार वसवा, मग वस्ती भरेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी ते काही काळ उत्पन्नावर पाणी सोडायला तयार होते आणि बाजाराला एक जबाबदार माणूस नेमून देत होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ती जातींच्या उतरंडीवर उभी होती आणि वतनदारीचे सगळे दोष तिच्यात होते. पण तिच्यामागचा विचार नेमका होता. बाजार ही संस्था आहे, नुसती जागा नव्हे. हा विचार एकोणिसाव्या शतकातही पुरता पुसला गेला नव्हता. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचे आणि ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ सालचे. शहराचे वर्णन करायचे तर त्यात बाजारांचे आणि धंद्यांचे वर्णन आलेच पाहिजे, हे त्या लेखकांनी गृहीत धरले होते. १८८६ साली पुण्यात मंडईची इमारत उभी राहिली, तेव्हा नगरपालिकेने बाजारासाठी शहराच्या मध्यभागी जागा आणि पैसा खर्च केला. पुढे मात्र 'पेठ' हा शब्दच पातळ झाला. १९७२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने आपल्या सेक्टरांना 'पेठ क्रमांक अमुक' अशी नावे दिली. शब्द राहिला, पण त्यातला बाजार निघून गेला. पेठ म्हणजे नकाशावरचा एक आकडा उरला.

आता धायरीकडे येऊ. येथील ठिकाणांची नावे ऐकली तर जमिनीचा इतिहास कळतो. रायकर मळा, बेनकर वस्ती, चव्हाण बाग. मळे, वस्त्या आणि बागा. भावकीच्या शेतांचे तुकडे पडत गेले, त्यांवर इमारती उठल्या आणि रस्त्याकडेच्या तळमजल्यावर गाळे निघाले. गाळा बहुधा जमीनमालकाचा किंवा बिल्डरचा, दुकानदार भाड्याचा. तो कोणी साताऱ्याकडचा, कोणी मराठवाड्यातला, कोणी राजस्थानातून आलेला. यांतल्या कोणाला कौल मिळाला नव्हता. ज्याला जमले त्याने डिपॉझिट भरले आणि शटर उघडले.

त्यात भर पडली ती प्रशासकीय विभाजनाची. सप्टेंबर १९९७ मध्ये पुणे महापालिकेची हद्द वाढली, तेव्हा धायरीचा काही भाग शहरात आला आणि उरलेला ग्रामपंचायतीकडे राहिला. उरलेली धायरी महापालिकेत आली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, इतर गावांबरोबर. म्हणजे तब्बल वीस वर्षे एकाच गावाचे दोन धनी होते. शेजारची नऱ्हे आणि नांदेड ही गावे तर त्यानंतर, २०२१ साली, तेवीस गावांच्या समावेशात शहरात आली. वडगाव बुद्रुक आधीच शहरात होते. गिऱ्हाईक मात्र एकच. तो वडगावला राहतो, नऱ्ह्याच्या कारखान्यात कामाला जातो आणि धायरी फाट्यावर भाजी घेतो. त्याच्या एका फेरीत तीन कारभार येत होते. रस्त्याचा दिवा एकाचा, गटार दुसऱ्याचे, आणि बाजाराचा कचरा कोणाचाच नाही. बाजार वाढण्याची जी खरी वर्षे होती, त्या वर्षांत त्याला कारभारीच नव्हता.

समावेशानंतर तरी चित्र पालटायला हवे होते. पण महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. समाविष्ट गावांतील लोकांची करवाढीविषयीची नाराजी जुनी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीच्या काळापेक्षा मिळकतकर पुष्कळ वाढला, पण त्या प्रमाणात रस्त्याचे रूप पालटले असे कोणाला वाटत नाही. जुन्या काळी नव्या पेठेला पट्टी माफ होती. आमच्या काळी नव्या उपनगराला आधी पट्टी येते आणि पेठ मागाहूनही येत नाही.

उपनगरांतील छोट्या दुकानांवर आलेल्या मंदीची कारणे सांगताना बहुधा दोन नावे घेतली जातात. एक मॉल आणि दुसरे मोबाइल. २०१२ साली बहु-ब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली, तेव्हा कोपऱ्यावरचा वाणी आता संपला, अशी भाकिते झाली होती. तो संपला नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर या वाण्यानेच वस्त्या तगवल्या. खिडकीतून चिठ्ठी घेऊन सामान बांधून ठेवणारा, ओळखीवर उधार देणारा तोच होता. आता काही मिनिटांत सामान दारात आणून देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत आणि त्यांचा फटका खरा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. मीही रात्री उशिरा फोनवरून दूध मागवलेले आहे, आणि हे कबूल न करता या विषयावर लिहिणे ढोंगीपणाचे होईल.

परंतु एक तिसरे कारण आहे आणि माझ्या मते ते अधिक मूलगामी आहे. या बाजारात थांबता येत नाही. फाट्याजवळच्या एका स्टेशनरी दुकानदाराशी एकदा बोलणे झाले. त्याचे म्हणणे असे की रस्त्यावरून जाणारी माणसे पूर्वीपेक्षा किती तरी वाढली, पण उतरणारी कमी झाली. हे निरीक्षण साधे आहे, पण अचूक आहे. दुचाकी लावायला जागा नाही, लावली तर उचलून नेण्याची धास्ती. पदपथ कुठे आहे, कुठे नाही. जिथे आहे तिथे दुकानाची पाटी, डीपीची पेटी, टपरी किंवा उभी केलेली गाडी. म्हाताऱ्या माणसाला औषध आणायला रस्ता ओलांडायचा तर त्याने कोणाच्या भरवशावर ओलांडावा? हातात लहान मूल असलेली बाई दोन दुकाने पाहून भाव करील, ही शक्यताच रस्ता हिरावून घेतो. बाजाराचे भांडवल हे गल्ल्यातल्या पैशापेक्षा पायी हिंडणाऱ्या माणसाच्या सवडीत असते. ती सवड गेली की घरी बसून बोटाने वस्तू मागवणे हाच शहाणपणा ठरतो. मोबाइलने बाजार मारला असे आपण म्हणतो. रस्त्याने त्याला आधीच अर्धमेला केला होता.

सिंहगड रस्त्याच्या कोंडीवर उपाय म्हणून उड्डाणपूल बांधण्यात आले. राजाराम पुलाजवळचा पूल १५ ऑगस्ट २०२४ रोजी, विठ्ठलवाडीकडून फनटाइम चित्रपटगृहाकडे येणारा सुमारे दोन किलोमीटरचा पूल १ मे २०२५ रोजी आणि उलट दिशेचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये खुला झाला. या पुलांनी रोजच्या प्रवाशाचा वेळ वाचवला आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण पूल हा स्वभावानेच पुढे जाणाऱ्याचा असतो. त्याच्याखाली जो बाजार आहे, त्याचे काय करायचे, हा प्रश्न पुलाच्या आराखड्यात येत नाही. येथे कोंडी फोडण्याचा विचार झाला, बाजार भरण्याचा झाला नाही. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये खराडी, हडपसर, स्वारगेट, खडकवासला या मेट्रो मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आहे. हा मार्ग सिंहगड रस्त्यावरूनच जायचा आहे. काही वर्षे पत्रे लावून रस्ता खणला जाईल आणि त्यानंतर माणसे डोक्यावरून जाऊ लागतील. त्या वेळी खालच्या दुकानांचे काय होईल?

याचे एक उत्तर फार दूरच्या एका रस्त्याने देऊन ठेवले आहे. कॅनडातील टोरंटो शहरात ब्लूअर वेस्ट व्हिलेज नावाचा एक उपनगरी बाजार आहे. त्या रस्त्यावरून पूर्वी ट्राम जात असे. ट्राममधून लोक उतरत, दुकानांच्या काचेत डोकावत, खरेदी करत. १९६८ साली भुयारी रेल्वे तेथपर्यंत वाढली आणि ट्राम बंद झाली. गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. त्यातच मोठे मॉल निघालेले होते. दुकानदारांपुढे आपल्या धायरीकरांसारखाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी रेल्वेला विरोध केला नाही. त्यांनी सरकारकडे एक वेगळीच मागणी केली. आमच्या या एवढ्या रस्त्यावरील प्रत्येक दुकानावर थोडी जादा पट्टी बसवा, ती नगरपालिकेने वसूल करावी, आणि आमच्या मंडळाने ती याच रस्त्यावर खर्च करावी. कायद्यात तशी तरतूद झाली आणि १९७० साली जगातील अशा प्रकारचे पहिले व्यापारी क्षेत्र तेथे स्थापन झाले. त्यांनी दिवे लावले, बाके ठेवली, झाडे लावली, सण साजरे केले. रस्ता पुन्हा थांबण्याजोगा झाला. आज एकट्या ओंटारिओ प्रांतात अशी तीनशेहून अधिक क्षेत्रे आहेत. इंग्लंडनेही २००३ च्या कायद्याने ही पद्धत स्वीकारली. तेथे दर पाच वर्षांनी दुकानदारांचे मतदान घ्यावे लागते. पट्टी पटली नाही तर मंडळ बरखास्त होते.

वर्गणी काढून दहीहंडी आणि गणपती करणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की आपली वर्गणी मांडवात संपते, तिची रस्त्यावर पदपथ म्हणून काही शिल्लक उरत नाही. वर्गणी ऐच्छिक असल्यामुळे देणारा देतो आणि न देणाऱ्याला फायदा फुकट मिळतो. पट्टी कायद्याने बसली की हा अन्याय राहत नाही. शिवाय पैसा देणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क मिळतो. शेटे-महाजनांच्या काळी जबाबदार माणूस होता, पण तो वतनाने नेमलेला. येथे जबाबदार मंडळ असेल आणि ते मताने निवडलेले. मला वाटते, पेठेची जुनी कल्पना लोकशाहीत आणायची तर ती याच रूपात येऊ शकते.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. परदेशांत अशा मंडळांनी रस्ता 'सुंदर' करण्याच्या नादात गरिबांना आणि पथारीवाल्यांना हुसकावले, भाडी वाढली आणि जुने दुकानदारच उठून गेले, अशी उदाहरणे आहेत. आपल्याकडे तर हा धोका दुप्पट आहे. गाळेधारक आणि पथारीवाले यांचे भांडण जुने आहे. गाळेधारक म्हणतो, मी भाडे भरतो, कर भरतो आणि माझ्या दारात हा उभा. पथारीवाला म्हणतो, गिऱ्हाईक मी ओढतो, तुझे दुकान त्यावर चालते. दोघेही खरे बोलतात. संध्याकाळी भाजीच्या गाड्या लागतात म्हणून माणसे फाट्यावर येतात आणि जाता जाता वाण्याकडे डोकावतात. एका वेळी अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि हातगाड्या उचलून नेते. त्या संध्याकाळी रस्ता मोकळा दिसतो आणि दुकानेही मोकळी दिसतात.

म्हणून अशा कोणत्याही मंडळात पथविक्रेत्यांना हक्काने जागा हवी. ती दया म्हणून नव्हे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे सांगितले आहे. दर पाच वर्षांनी पाहणी आणि विक्रीची क्षेत्रे ठरवणे हेही त्याच कायद्यात आहे. तत्त्व मान्य झालेले आहे. ते शहराच्या पातळीवरून एका रस्त्याच्या पातळीवर उतरवायचे राहिले आहे. कोणती गाडी कोठे, किती वाजता, किती फुटांत, हे धायरीच्या रस्त्यावर उभे राहून ठरवता येते. मुख्य इमारतीतल्या टेबलावर ते ठरत नाही.

दुसरा आक्षेप दुकानदारांच्याच बाबतीत आहे. पुणेरी दुकानदाराच्या तिरकसपणाची थट्टा पु. ल. देशपांड्यांनी केली आणि साऱ्या महाराष्ट्राला ती पटली. उपनगरांतील नवा दुकानदार इतका तुटक नाही, हे खरे. पण मालाची किंमत न लावणे, तारीख उलटलेला माल ठेवणे, बिल न देणे, आणि दुकान सहा फुटांनी पदपथावर ओढणे हे त्याचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. केवळ 'स्थानिक' आहे म्हणून गिऱ्हाइकाने सोसावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. या बाबतीत जपानचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९७३ सालच्या कायद्याने मोठ्या दुकानांवर निर्बंध घालून लहान दुकानांना संरक्षण दिले होते. २००० साली तो कायदा गेला, पण त्याआधीपासूनच अनेक गावांतील जुन्या बाजारांची शटरे खाली येत होती. दुकानदार म्हातारे झाले, मुलांनी धंदा घेतला नाही, गिऱ्हाईक गाडी घेऊन शहराबाहेर जाऊ लागले. संरक्षणाने स्पर्धा थांबवता येते, गिऱ्हाईक आणता येत नाही. बाजाराला कुंपण घातले तरी त्याला पाऊलवाट लागतेच.

मग नेमके काय करावे? येथे मी तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही लहान आहेत आणि तिन्हींना मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

पहिली गोष्ट पदपथाची. धायरी फाट्यापासून गावठाणापर्यंतचा रस्ता एकाच वेळी सुधारण्याचा हट्ट धरू नये. फाट्यापासूनचा पहिला काही शे मीटरचा पट्टा घ्यावा, त्याला सलग, समान उंचीचा पदपथ द्यावा, माल उतरवण्याची वेळ सकाळची ठरवावी आणि दुचाकींसाठी आखलेली जागा ठेवावी. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत ठेवली आहे. बाके, पदपथ, दिवे ही कामे त्यातून मागता येतात. लक्ष्मी रस्त्याचा अनुभवही पाठीशी आहे. २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला जातो. एक दिवसाचा हा मान मध्यवस्तीला मिळतो, तर महिन्यातील एका रविवारी सकाळी उपनगराला का मिळू नये?

दुसरी गोष्ट मंडळाची. वडगाव, धायरी, नऱ्हे आणि नांदेड या लगतच्या उपनगरांतील व्यापारी आणि पथविक्रेत्यांनी एकत्र यावे, कारण त्यांचे गिऱ्हाईक एकच आहे. आज प्रत्येक जण शेजारच्या फाट्याला प्रतिस्पर्धी समजतो. खरे प्रतिस्पर्धी या चारही बाजारांच्या बाहेर आहेत. कायद्याने पट्टी बसवण्याची तरतूद होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ऐच्छिक मंडळाने आरंभ करावा आणि मेट्रोच्या आराखड्यात आपला शब्द टाकावा. स्थानकाचे जिने कोठे उतरतील, हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा आहे, पण बाजाराचे पुढले पन्नास वर्षांचे भवितव्य त्यावर ठरेल. जिना थेट मॉलच्या दारात उतरला तर एक शहर घडेल, पदपथावर उतरला तर दुसरे.

तिसरी गोष्ट वाराची, आणि ती मला सर्वांत आपली वाटते. आपल्या खेड्यांतील आठवडे बाजारांची रचना विलक्षण शहाणपणाची आहे. लगतच्या गावांचे बाजार एकाच वारी भरत नाहीत. सोमवारी एका गावचा, मंगळवारी दुसऱ्या गावचा. त्यामुळे बागवान, कासार, कापडवाला, खेळणीवाला हे गावोगाव फिरतात, प्रत्येक गावाला आठवड्यातून एकदा मोठा बाजार मिळतो आणि कोणी कोणाचे गिऱ्हाईक तोडत नाही. शेजाऱ्यांनी स्पर्धा न करता वार वाटून घेतले. राज्याच्या पणन मंडळाने २०१६ पासून संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, त्यामागे हीच परंपरा आहे. धायरीच्या मागे सिंहगडाचा आणि खडकवासल्याचा परिसर आहे, हवेली आणि वेल्ह्याची गावे आहेत. तेथील भाजी आधी बाजार समितीत जाऊन पुन्हा याच रस्त्याने परत यावी, यात कोणाचे हित आहे? चार लगतच्या उपनगरांनी चार वार वाटून घेतले, प्रत्येकाने आपल्या वारी संध्याकाळचे तीन तास एक पट्टा शेतकऱ्यांना आणि पथारीवाल्यांना मोकळा करून दिला, तर स्थायी दुकानदारालाही त्या दिवशी जत्रेचे गिऱ्हाईक मिळेल. पुण्याच्या मध्यवस्तीत वारांच्या नावांच्या पेठा आहेत. उपनगरांना नावे मिळाली ती नगर, विहार आणि पार्क अशी. त्यांच्या वाट्याला निदान एखादा वार तरी यावा.

कोणी म्हणेल, हा सगळा स्मरणरंजनाचा प्रकार आहे. काळ बदलला, बाजार बदलणारच. मान्य आहे. सर्व दुकाने टिकतील किंवा टिकावीत असे माझे म्हणणे नाही. कॅसेटची दुकाने गेली, टायपिंगच्या संस्था गेल्या, एसटीडीच्या खोल्या गेल्या. त्यांच्यासाठी कोणी रडत बसले नाही. प्रश्न विशिष्ट दुकानाचा नसून रस्त्याचा आहे. ज्या वस्तीत पायी जाऊन चार वस्तू घेता येतात, तेथे म्हातारी माणसे घराबाहेर पडतात. दहावी-बारावी झालेल्या मुलीला घराजवळच्या दुकानात काम मिळते. शिवणकाम करणाऱ्या बाईला भाड्याचा छोटा गाळा मिळाला तर ती घरातून व्यवसायात येते. रात्री नऊपर्यंत दुकाने उघडी असली तर क्लासहून परतणाऱ्या मुलीला रस्त्याचे भय वाटत नाही. यांपैकी कोणतीही गोष्ट घरपोच मागवता येत नाही. उपनगर म्हणजे नुसते निजण्याचे ठिकाण व्हायचे नसेल, तर त्याला आपला रस्ता असला पाहिजे, आणि रस्त्याला आपला बाजार.

यात आम्हा गिऱ्हाइकांचाही वाटा आहे. नागरी सुविधांची मागणी करताना आपण पाणी, रस्ता आणि पार्किंग मागतो. बाजार मागत नाही. तो आहेच असे आपण धरून चालतो, जसे काही वर्षांपूर्वी मळे आणि विहिरी धरून चाललो होतो. बेनकर वस्तीत आता वस्ती उरली आहे, शेत नाही. रायकर मळ्याचे तसेच. उद्या 'धायरी फाटा बाजार' हेही मेट्रोच्या स्थानकावरील पाटीपुरते नाव उरू नये, असे वाटत असेल तर त्याची आखणी पत्रे लागण्याच्या आधी झाली पाहिजे. एकदा खोदकाम सुरू झाले की दोन-तीन वर्षांच्या तोट्यात भाड्याचा दुकानदार टिकत नाही, आणि तो गेल्यावर पदपथ कितीही सुरेख झाला तरी त्यावरून चालत जाण्यासारखे काही उरत नाही.

पेशवाईतल्या कारभाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. लोक येतील तेव्हा येतील, आधी त्यांना थांबायला कारण द्यावे लागते. तेवढी समज आपण दाखवू शकलो, तर आजच्या फाट्यातून उद्याची पेठ घडू शकेल. नाही तर फाटा हा फाटाच राहील, आणि त्यावरून जाणारी माणसे दिवसेंदिवस अधिक वेगाने, अधिक उंचावरून पुढे जात राहतील.